एक शॉट बाकी

कला माणसापेक्षा मोठी असते. माणूस मातीत जातो, त्याचं घर मातीत जातं, पण कलेनं जे एकदा टिपलं ते काळाच्या हाताला लागत नाही. बक्षीस वाटपाच्या प्रत्येक समारंभात हे कोणी ना कोणी म्हणतंच, आणि समोरचे लोक चहा कुठवर आला ते बघत मान डोलावतात. कस्तुराच्या घराची पश्चिमेची भिंत मात्र कलेसाठी थांबली नव्हती. ती आधीच्या श्रावणातच मातीत गेली होती. कला तिथे पोचली पौषात.

बोरमाळपाडा सातपुड्याच्या पायथ्याला. चोपड्याहून निघालेली एसटी ज्या चिंचेखाली वळते, तिथून दीड कोस चालत. बावीस घरं, आणि टोकाचं घर कस्तुराचं. सागाचे खांब, बांबूचा कूड, वर जुनी नळीची कौलं. मुलगा बादल बायकोला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. घरात कस्तुरा, नवरा वेस्ता आणि बारावीपर्यंत शिकून बसलेली मुलगी उषा. पडलेल्या भिंतीच्या जागी निळी ताडपत्री होती. भिंत पुन्हा घालायची नव्हती, कारण दिवाळीत वेस्ताच्या नावानं घरकुल मंजूर झालं होतं. जुनं घर पाडायचं, त्याच जागी पाया खोदायचा, खोदलेल्या पायात उभं राहून फोटो काढायचा. फोटो सरकारच्या साइटवर चढला की घर सुरू. माघातली पुनव झाली की तिसऱ्या दिवशी पाड्यानं लाहाला यायचं ठरलं होतं.

लाहा म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम करायचं. मजुरी नाही, जेवण घरधन्याचं. काम संपलं की शेवटचं जेवण कोंबड्याचं. आणि हात लागलेलं काम अर्ध्यात सोडायचं नाही. माणसं काही कारणानं उठून गेलीच, तर ती परत येईतो घरधन्यानं त्या कामाला हात लावायचा नाही. लावला तर त्यांचा घाम वाया गेला असं होतं. वेस्तानं हे कधी कोणाला समजावून सांगितलं नव्हतं. समजावून सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

पोरं आली ती सातजण, एका गाडीत. जळगावच्या कॉलेजात सिनेमा शिकणारी. पुढारी आवेज पिंजारी, पारोळ्याचा, अंगानं काडी आणि बोलण्यात साखर. त्यानं बावीस घरं पाहिली आणि टोकाच्या घरापुढे उभा राहून ताडपत्री बाजूला सारली. आतल्या काळोखात पश्चिमेचा उजेड घुसला. आवेजनं छातीवर हात ठेवला.

"हेच," तो म्हणाला. "नाना, तुमचं घर किती सुंदर पडलंय."

वेस्तानं कस्तुराकडे पाहिलं. घराबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं.

"पन आठे दखासारखं काय शे?" कस्तुरानं विचारलं.

"अक्का, तेच तर दाखवायचंय."

पाच दिवस काम चाललं. नानानं काही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं आणि वाटेकडे बघायचं.

"कोन येनार शे?" वेस्तानं विचारलं.

"तुमचा मुलगा."

"तो ते गुजरातमा शे. चैतमा येई."

"फिल्ममध्ये, नाना. फिल्ममध्ये तो कधीच येत नाही."

"असं कसाले बोलतस रे पोरं!" कस्तुरा आतून ओरडली आणि लगबगीनं उंबऱ्याला हात लावून आली.

काही न करता बसणं हे वेस्तानं आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम होतं. हात आपोआप कशाकडे तरी जायचे, दोरी वळायला, विळा घासायला. "कट!" आवेज ओरडायचा. मोळीचा शॉट त्यापेक्षा बरा गेला. ओढ्यापासून घरापर्यंत लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन यायचं. आवेजनं हलकी मोळी बांधून दिली होती, ती वेस्तानं सोडली आणि स्वतःची भरगच्च बांधली. हलकी मोळी घेऊन जड पावलं कशी टाकायची ते त्याला जमेना. मग ती भरगच्च मोळी घेऊन तो अकरा वेळा आला. कॅमेरा त्याच्या मागनं चालायचा.

शेजारचा पुना बांधावर बिडी ओढत बसलेला असायचा. "वेस्ता, ह्या पोरं तुना मागेच फिरतस रे! तुना पुढे येवाले घाबरतस का?"

संध्याकाळी कस्तुरानं त्याच्या खांद्यांना मोहाच्या बियांचं तेल चोळलं. मान डावीकडे वळत नव्हती.

पोरांमध्ये आवेजची चुलत बहीण होती, माहेनूर. तिच्या हातात वही आणि फोन. कस्तुराला सगळ्यांत हीच कामाची वाटली. कोणती वस्तू कुठे होती ते माहेनूर लिहून ठेवायची आणि फोटो काढायची. माठाचा काठ कुठे फुटलाय, दोरीवर लाल लुगडं कितव्या घडीत लटकलंय, छपराची किती कौलं सरकलीत.

"इतलं कसाले लिखस वं माय?"

"अक्का, आज शूट केलं, उद्या शूट केलं, तर दोन्ही दिवस सारखं दिसायला पाहिजे ना. याला कंटिन्युटी म्हणतात. काहीच बदलायचं नाही. सगळं तसंच." मग ती जरा अडखळली. "ती ताडपत्री मात्र काढावी लागेल. प्लास्टिक दिसतं."

ताडपत्रीची घडी घालायला तिनं स्वतः हात लावला, पोर चांगल्या घरची होती. पाच दिवस सातजण कस्तुराच्या हातची ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा खाऊन राहिले. डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं, पण खाल्लं. पाचव्या दिवशी वेस्तानं लाल तुऱ्याचा कोंबडा धरला. तेवढ्यात आभाळ भरून आलं. शेवटचा शॉट उजेडाचा होता, आणि उजेडच नव्हता. पोरं दुपारभर आभाळाकडे बघत बसली. मग आवेज उठला आणि वेस्तापुढे येऊन त्यानं दोन्ही हात जोडले.

"नाना, एकच शॉट बाकी राहिला. परीक्षा आहे, आता थांबता येत नाही. पळस फुलला की येतो. उलट तेव्हा अजून भारी दिसेल. तोवर फक्त सगळं तसंच ठेवा. घराला हात लावू नका. दाढी करू नका."

"आनि कोंबडा?"

"शॉट झाला की खाऊ, नाना. काम झाल्यावर."

वेस्ताचा चेहरा उजळला. काम झाल्यावर कोंबडा, हे त्याला कळलं. ही पोरं शहरातली असली तरी रीत जाणून होती. त्यानं कोंबडा सोडून दिला.

"ठेवतो," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, कारण शब्द पक्का द्यायचा होता.

---

माघातली पुनव झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाड्यातली वीसबावीस माणसं पहारी, कुदळी, टोपल्या घेऊन दारात आली. कस्तुरानं डाळ भिजत घातली होती. वेस्ता दाढी खाजवत ओट्यावर बसला होता.

"थोडं थांबा," तो म्हणाला.

"बिडी पी ले, थांबतस," पुना म्हणाला.

"तसं नही. पळस फुलस तवपावत."

पहारी खाली टेकल्या.  पाड्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस, धनसिंग आबा, काठीवर हनुवटी ठेवून म्हणाला, "काब्र रे?"

"पोरंसनं काम अर्धं शे, आबा. पाच दिन आपला घरमा जेवनात त्या. शबद देयेल शे."

धनसिंग आबा विचारात पडला. लाहा अर्धी आणि माणसं जेवलेली, म्हणजे रीत वेस्ताच्या बाजूनं होती. त्यानं मान हलवली आणि माघारी वळला. पुनाला मात्र पुष्कळ बोलायचं होतं.

"वेस्ता आते नट व्हई गया! नटले घर कसाले लागस? दख रे, मंग होळी उनी का बठ्ठा मोहू येचाले जातीन. इकत मानूस भेटाव नही तुले."

"येतीन त्या," वेस्ता म्हणाला.

कस्तुरानं भिजवलेली डाळ पुढचे तीन दिवस घरातल्या तिघांनी खाल्ली.

तिला नवऱ्याचा राग आला नाही असं नाही. पण त्याचं म्हणणं खोडायचं कुठून, ते सापडत नव्हतं. पोरं जेवली होती, हे खरं. काम अर्धं होतं, हेही खरं. आणि पोरं कोणत्याही दिवशी येऊ शकत होती. त्यामुळे ताडपत्रीचं काम वाढलं. दिवस मावळला की बांधायची, उजाडलं की सोडून, घडी घालून, खाटेखाली ढकलायची. रोज. पहाटेचा सातपुड्याचा वारा उघड्या बाजूनं थेट चुलीत शिरायचा आणि राख भाकरीवर उडायची. अंघोळीला कस्तुरा आणि उषा तांबडं फुटायच्या आत ओढ्यावर जायच्या, कारण घराला आता भिंती तीन होत्या आणि वाट चौथ्या बाजूनं होती. दोरीवरचं लाल लुगडं उन्हानं गुलाबी झालं. कस्तुराकडे दोनच लुगडी होती. एक फिल्मसाठी दोरीवर, एक अंगावर. अंगावरचं धुतलं की वाळेपर्यंत ती उषाची ओढणी गुंडाळून आत बसायची. आत म्हणजे कोपऱ्यात.

"बा," एक दिवस उषा म्हणाली, "दाढी जानेवारीमा बोटभर व्हती. आते वीतभर व्हई गई. सारखी कशी दिसी?"

हे वेस्ताच्या लक्षात आलं नव्हतं. तो दोन दिवस त्या काळजीत राहिला. बाजारच्या दिवशी न्हाव्याला त्यानं विचारलं की बोटभर ठेवून बाकीची काढता येईल का. मग स्वतःच म्हणाला, नको, हात लावायचा नाही असं सांगितलंय. न्हाव्यानं वस्तरा पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं.

पळस फुलला. डोंगर पेटल्यासारखा झाला. वेस्ता रोज मोळी बांधून तयार ठेवायचा. उषा पुनवेच्या आधीपासूनच पाड्यामागच्या टेकडीवर चढून, जिथे रेंज येते तिथून माहेनूरला फोन लावायची. पहिल्यांदा माहेनूर म्हणाली, परीक्षा आहे, येतो. दुसऱ्यांदा म्हणाली, "दादा एडिटला बसलाय, त्याला विचारून सांगते." तिसऱ्यांदा फोन बंद होता.

"एडिट म्हंजे काय?" वेस्तानं विचारलं.

"काटछाट करतस, बा."

"मंग चालूच शे काम," वेस्ता समाधानानं म्हणाला.

---

ग्रामपंचायतीचा रोजगार सेवक तोताराम मोटरसायकलवरून आला तेव्हा होळी चार दिवसांवर होती. तो उतरला नाही. उतरलं की गाडी पुन्हा सुरू व्हायला वेळ लागायचा.

"नाना, पाया कोठे शे?"

"पंधरा दिन थांबा, भाऊ."

"मी थांबस हो. मन्हं काय जास? साइट थांबत नही. ३१ मार्चले बंद. मंग देव उना तरी फोटो चढनार नही." तोतारामनं घराकडे पाहिलं. "आनि हे काय? ताडपत्री व्हती ना आठे?"

"ती प्लास्टिक दिसस," वेस्ता म्हणाला.

तोतारामनं कस्तुराकडे पाहिलं. कस्तुरानं जमिनीकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही तरी सांगा त्यास्ले. यादीमातून नाव गयं का मंग पुढली यादी कव्हय येई, ते माले बी मालूम नही आनि मना सायेबले बी."

"मी काय सांगू भाऊ," कस्तुरा म्हणाली. "मी सांगीसांगी थकनू."

होळी आली. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात ढोल वाजले, आणि वेस्ता दाढीसकट नाचला. पोरी त्याला भगतबाबा म्हणून हसल्या. होळी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाडा रिकामा झाला. मोहाची फुलं पडायला लागली होती. जो तो टोपली घेऊन झाडाखाली. कस्तुराही जायची. वाकून वाकून कंबर धरली की झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहायची आणि तिला वाटायचं, टेकायला भिंत असली म्हणजे किती बरं.

त्याच आठवड्यात एका दुपारी, घरात कोणी नसताना, उघड्या बाजूनं रानमांजर शिरलं आणि लाल तुऱ्याचा कोंबडा घेऊन गेलं. उंबऱ्याजवळ पिसं पडली होती. वेस्ता त्या पिसांजवळ उकिडवा बसला. भिंत पडली तेव्हा तो असा बसला नव्हता.

"आते पोरंसले काय खावाडू?"

कस्तुरानं मोहाची टोपली खाली ठेवली. "चाल," ती म्हणाली. "पारोळाले चाल. त्याना घर जाऊ. तू तोंडेतोंड इचार."

---

एकोणतीस मार्चला दोघं दोन एसट्या बदलून पारोळ्याला उतरली. किल्ल्याच्या बाजूनं विचारत विचारत गेली तर पिंजाऱ्याचं दुकान सापडलं. आवेजचे वडील, हाशमभाई, कापसाच्या ढिगात बसून गादी शिवत होते. भुवयांवर कापूस.

"या नाना, बसा. गादी का गोधडी?"

"आवेजभाऊकडे काम व्हतं," वेस्ता म्हणाला.

हाशमभाईंनी सुई थांबवली. वेस्ताकडे, त्याच्या दाढीकडे, खांद्यांकडे नीट पाहिलं आणि मग ते ताडकन उठले.

"अरे! बोरमाळपाड्याचे नाना! जरीना, बाहेर ये, बघ कोण आलंय! फिल्मवाले नाना!"

जरीनाबाई चहा घेऊन आल्या, बिस्किटं घेऊन आल्या, आणि आतून फडक्यात गुंडाळलेली एक चकचकीत वस्तू घेऊन आल्या. पितळेचा माणूस हात वर करून उभा होता. खाली लिहिलेलं वेस्ताला वाचता येत नव्हतं. हाशमभाईंनाही इंग्रजीतलं येत नव्हतं, पण पाठ होतं.

"पहिला नंबर. असे अजून तीन आहेत, ते त्याच्याकडे. चार अवॉर्ड, नाना! पोरगं आत्ता जयपूरला आहे. थांबा, लावतो."

फोनवर आवेजचा चेहरा आला, मागे रंगीत पडदे, गळ्यात ओळखपत्राची पट्टी.

"नाना! अक्का! अहो, तुम्हाला माहितीय का काय झालंय? इथं लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ज्युरीत एक मॅडम होत्या, फार मोठ्या. त्या म्हणाल्या, ह्या माणसाच्या खांद्यांत सगळा सातपुडा आहे!"

वेस्तानं खांदा चाचपला. मान अजून डावीकडे नीट वळत नव्हती.

"भाऊ," तो म्हणाला, "तो एक शॉट बाकी शे ना."

"कुठला?"

"पळसना. आपला पळस झडी गया. पन वढ्याकडे एक झाड शे, त्याले आजून चार फुलं शेत. मी कालदिन दखी उनू. तेवढा चालतीन का?"

फोनवर आवेजचं हसू होतं तसंच राहिलं. चित्र अडकलं असावं म्हणून हाशमभाईंनी फोन हलवला.

"नाना," आवेज म्हणाला, "तो शॉट आम्ही काढूनच टाकला. एडिटला बसल्यावर कळलं, त्याची गरजच नाही. शेवट मोकळा सोडला. म्हणून तर अवॉर्ड मिळालं."

"कव्हय?"

"फेब्रुवारीच्या सुरुवातीला. नाना, खरं सांगतो, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. ह्या सगळ्या गडबडीत..."

कस्तुरा मनात हिशेब करत होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुनव अजून व्हायची होती. पहारी अजून दारात आल्या नव्हत्या. डाळ भिजली नव्हती.

वेस्तानं फोन दोन्ही हातांनी धरला होता, तोंडापासून लांब, माठ धरावा तसा.

"मंग," त्यानं विचारलं, "आते मी दाढी करी टाकू?"

"करा की, नाना!" आवेज मोकळेपणानं हसला. "बिनधास्त करा!"

निघताना हाशमभाईंनी एक नवी उशी दिली. नको म्हणता येईना. परतीच्या एसटीत वेस्ता ती मांडीवर घेऊन बसला. अमळनेरच्या स्टँडवर त्यानं दाढी केली. खालचा चेहरा इतका फिकट आणि लहान निघाला की कस्तुराला क्षणभर तो दुसऱ्याच कोणाचा वाटला.

---

तीस तारखेला वेस्ता घरोघर गेला. पाड्यात धनसिंग आबा होता आणि तान्ह्या पोरांच्या आया होत्या. बाकी सगळे मोहाखाली. पुना भेटला, त्यानं टोपली खाली ठेवली नाही. "तवय आम्ही बावीस जन उभा व्हतूत," तो म्हणाला. यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तिघांनीच काम धरलं. उषा छपरावर चढून कौलं खाली द्यायची, कस्तुरा झेलायची. पहिल्या दिवसाअखेर अर्धं छप्पर उतरलं. एकतीसला पहाटेपासून खांब. सागाचा मधला खांब वेस्ताच्या बापानं रोवलेला; तो हलेना. तिघांनी मिळून पहार घातली, तेव्हा दुपारी तो एकदम सुटला आणि उरलेला सांगाडा धुरळ्यात खाली बसला. वेस्ताच्या पायाला बांबू लागला. रक्त पुसायला कोणी थांबलं नाही. जमीन चैत्राची, दगडासारखी. कुदळ मारली की ठिणगी उडायची. कस्तुराच्या तळहाताचे फोड फुटून दांडा ओला झाला.

साडेचारला तोताराम आला. या वेळी तो गाडीवरून उतरला.

"व्हयी गयं, नाना. इतलं पुरे. तठे उभा राहा. मनाकडे दखा."

वेस्ता गुडघाभर खड्ड्यात उभा राहिला, उन्हाकडे तोंड करून, गुळगुळीत गालांचा, अंगभर माती. कस्तुरा कडेला सरकली. तोतारामनं फोटो काढला. फोटो चांगला आला होता, सगळ्यांनी पाहिला. मग पाड्यात रेंज नव्हती म्हणून तोताराम टेकडीवर चढला आणि तिघंही त्याच्यामागे चढली.

टेकडीवर चौघं फोनभोवती उभी राहिली. फोनवर एक गोल फिरत होता. पाच वाजले, गोल फिरत होता. सहा वाजले.

"सगळा जिल्हा आजच चढावस," तोताराम म्हणाला. "मी म्हटलं व्हतं."

खाली बावीस घरांतून धूर निघायला लागला. नीट पाहिलं तर एकवीस. कस्तुराला तिथून आपलं घर दिसत नव्हतं, आणि ते का दिसत नाही हे आठवायला तिला जरा वेळ लागला. सातच्या सुमाराला गोल थांबला. मुदत संपल्याचं मराठीत आणि इंग्रजीत आलं. तोतारामनं दोन्ही वाचून दाखवलं.

---

मे महिन्यात आवेज आणि माहेनूर आली. त्यांना पाड्यावर फिल्म दाखवायची होती, नानांचा सत्कार करायचा होता, आणि तालुक्याचे एक साहेब हौसेनं बरोबर आले होते. वेस्ताचं बिऱ्हाड तेव्हा ताडपत्रीच्या मांडवाखाली होतं. ताडपत्री आता दिवसाही बांधलेली असायची.

आवेजनं खड्डा पाहिला. "वा, नाना! नवीन घर चाललंय!"

माहेनूर खड्ड्याच्या कडेनं गेली. ती माठ जिथे असायचा तिथे जाऊन उभी राहिली, मग दोरीच्या जागी, मग उंबऱ्याच्या. तिच्या वहीतलं काहीही जागेवर नव्हतं.

"अक्का, घर?"

"तुम्ही येशात म्हनीसन ठेयेल व्हतं माय," कस्तुरा म्हणाली. "मंग पाडं."

माहेनूरनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. कस्तुराला तिची दया आली, आणि दया येऊनही करण्यासारखं काही नव्हतं. तिनं तिला पाणी दिलं.

दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. पाडा लोटला होता. साहेबांनी आधी भाषण केलं. कला माणसापेक्षा मोठी असते, असं ते म्हणाले. नानांच्या घरासारख्या पडक्या घरात माणसं अजून राहतात हे पाहून आपलं काळीज हललं, म्हणाले. मग माइक बाजूला करून त्यांनी तोतारामला विचारलं, "ह्यांना घरकुल का नाही देत?"

"मंजूर व्हतं, सायेब. मुदतीत फोटो नाही चढला."

"मग पुढच्या यादीत घ्या की."

"यादी अजून निघाली नाही, सायेब."

"निघाली की घ्या," साहेब म्हणाले. आणि खाली बसले.

वेस्ताच्या गळ्यात हार घातला. नारळ दिला, शाल दिली. पहिल्या ओळीत बाकावर त्याला साहेबांच्या शेजारी बसवलं. खोलीतल्या उकाड्यात शाल अंगावर घेऊन तो ताठ बसला होता. सकाळी त्यानं ओढ्यावर जाऊन तोंड दोनदा धुतलं होतं, जणू आजच शूटिंग होतं. कस्तुरा मागे बायकांत होती. तिला एकच बघायचं होतं. घर कसं दिसत होतं ते.

भिंतीवर उजेड पडला. एक माणूस मोळी घेऊन वाटेनं चालला होता. मग तो एका अंधाऱ्या खोलीत बसला होता. त्याच्यापुढे जिथे भिंत नव्हती तिथे नुसता पांढरा उजेड होता, इतका की त्यात माठ, दोरी, लुगडं काहीच दिसत नव्हतं. पोरं "वेस्ताबा! वेस्ताबा!" ओरडत होती. मग ती वाट बघू लागली.

"आरे, पन वळ ना आठे!" पुना मागून म्हणाला.

फिल्म अकरा मिनिटांची होती. तीत वेस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठमोरा होता.